कोकोचं समन्यायी वाटप

रुपचंद नानांची तीन महिन्यांची शुगर आठ पूर्णांक सहा निघाली. रिपोर्ट आणायला शेजारचे सुकदेव आप्पा त्यांच्यासोबत लॅबमध्ये गेले होते, त्यामुळे नाना घरी पोचून चपला काढेपर्यंत हा आकडा जळगावात महाबळपुढच्या त्यांच्या सगळ्या कॉलनीला तोंडपाठ झाला होता. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानेही पातेल्यात माप ओतताना, "आठ-सहा म्हणजे जरा जास्तीच हो नाना," असं ऐकवलं.

त्यानंतर उपायांची रांग लागली. मेथ्या, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचं चूर्ण, गुळवेल आणि चिरून रात्रभर पाण्यात ठेवलेली भेंडी. सुकदेव आप्पा स्वतः कधी आजारी पडले नव्हते, म्हणून त्यांचा प्रत्येक आजाराचा अभ्यास होता. त्यांनी नानांना वांग्याचं भरीत बंद करायला सांगितलं. खानदेशात राहून एखाद्याला भरीत बंद करायला सांगणं म्हणजे त्याला गाव सोडायला सांगण्यासारखं आहे. नाना दोन दिवस आप्पांशी बोलले नाहीत.

फॅमिली डॉक्टरांनी मात्र मोजकंच सांगितलं. "नाना, गोळ्या चालूच ठेवायच्या. तीन महिने देतो. आकडा आठच्या खाली आला नाही, तर इन्सुलिन सुरू करू."

इन्सुलिन म्हणजे सुई. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या नानांनी कितीतरी कार्यकारी अभियंत्यांना घाम फोडला होता, पण सुई दिसली की त्यांना स्वतःलाच घाम फुटे. म्हणून त्याच आठवड्यात पेपरच्या आतल्या पानावर चार ओळींचं निवेदन दिसलं, तेव्हा त्यांनी ते कात्रीने कापून, तारीख घालून फाइलला लावलं. धुळ्याच्या एका कॉलेजात मधुमेहावर संशोधन चाललं होतं. कोकोच्या बियांमधल्या फ्लॅव्हॅनॉल नावाच्या द्रव्याचा टाइप टू मधुमेहाच्या रुग्णांना फायदा होतो का, ते तीन महिने कॅप्सूल देऊन पाहायचं होतं. त्यासाठी माणसं हवी होती.

"कोको म्हणजे चॉकलेटच ना?" त्यांच्या बायकोने, पुष्पाबाईंनी विचारलं. "म्हणजे साखरेच्या माणसाला चॉकलेट खाऊ घालणार?"

"चॉकलेट नाही. चॉकलेटमधून साखर, दूध आणि मजा काढून टाकली की जे कडू उरतं, ते."

"मग ते तर कारलंच झालं. कारलं घरात आहे."

पण धुळ्याला मिळणारं कारलं हे शास्त्रीय होतं. नाना एरंडोल-पारोळामार्गे जाणाऱ्या सकाळच्या एसटीत बसले.

संशोधन करणाऱ्या बाई तिशीच्या होत्या. कामिनी मॅडम. त्यांची पीएचडी यावरच होती आणि तीन वर्षांपासून त्या माणसं गोळा करत होत्या. त्यांनी नानांपुढे चौदा पानांचं संमतिपत्रक ठेवलं आणि इतरांना सांगायच्या तसं सांगितलं, "काका, आरामात वाचा, शेवटी सही करा."

आजवर ते पत्रक कोणी वाचलं नव्हतं. नानांनी वाचलं. पावणेदोन तास वाचलं, खिशातलं लाल पेन काढून वाचलं. मग ते टेबलाशी गेले आणि म्हणाले, "मॅडम, पान नऊवर रक्ततपासणी तीन वेळा लिहिलीय आणि पान अकरावर चार वेळा. यापैकी कोणतं ग्राह्य धरायचं? शिवाय पान सहावर 'सहभागी' आणि 'रुग्ण' हे दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात आलेत. मी नक्की कोण?"

कामिनी मॅडमनी पान नऊ पाहिलं, पान अकरा पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. चूक खरी होती. पत्रक दुरुस्त होऊन समितीची मंजुरी येईपर्यंत पंधरा दिवस गेले. नाना पुन्हा धुळ्याला गेले, तर आधार कार्डावर 'रूपचंद' आणि पेन्शनच्या कागदांवर 'रुपचंद' निघालं. कॉम्प्युटर म्हणाला ही दोन माणसं आहेत. नाना म्हणाले, पहिल्या उकाराचा दोष माझा नाही. शेवटी एकच माणूस असल्याचं साध्या कागदावर लिहून दिलं. त्याला साक्षीदार हवा होता, म्हणून बाकावर शेजारी बसलेल्या माणसाची सही घेतली.

तो माणूस म्हणजे जीवरामभाऊ फेगडे. रावेरजवळचे केळीवाले. उंच, सावळे, हातांना केळीच्या चिकाचे काळे डाग. त्यांनी सही केली आणि विचारलं, "मी काय लिहून देल्लं, तेवढं सांगा फक्त."

"मी मीच आहे, असं."

"मंग बरोबर हाये," जीवरामभाऊ म्हणाले. "मले तुम्ही तसेच वाटले."

अशी ओळख झाली.

दोघांना एकेक पांढरी बाटली मिळाली. रोज दोन तपकिरी कॅप्सूल, जेवणानंतर. सोबत एक डायरी. काय खाल्लं, किती चाललं, कॅप्सूल घेतली का, सगळं रोज लिहायचं. मग मॅडमनी मुख्य गोष्ट सांगितली. निम्म्या लोकांच्या बाटलीत खरा कोको आहे, निम्म्यांच्या बाटलीत नुसतं मक्याचं पीठ आणि रंग. कोणाला काय मिळालं हे त्यांना स्वतःलाही माहीत नाही. ती यादी मुंबईच्या एका गणितज्ञांकडे बंद पाकिटात आहे.

"म्हणजे तुम्ही देताय आणि तुम्हालाच माहीत नाही?" नानांनी विचारलं. सरकारी नोकरीत हे त्यांनी खूप पाहिलं होतं, पण तिथे कोणी ते आधी सांगत नसे.

जळगावात परत आल्यावर बाटली बैठकीत शोकेसवर उभी राहिली आणि खरी की खोटी हा कॉलनीचा प्रश्न झाला. सुकदेव आप्पांनी एक कॅप्सूल उन्हात धरून पाहिली, हुंगली, कानाशी हलवली. कोपऱ्यावर मेडिकल चालवणारा मगन आला. त्याने ती फोडून जिभेला लावली आणि बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला. सगळे थांबले.

"कडू आहे," तो म्हणाला.

"म्हणजे खरी?"

"खोटी करणारा ती गोड करील का?"

मग आप्पांनी मुंग्यांची चाचणी सुचवली. वऱ्हांड्यात कागदावर पावडर पसरली आणि सहा-सात माणसं खुर्च्या टाकून बसली. मुंग्यांची एक ओळ आली, कागदाला वळसा घालून कुंडीकडे निघून गेली. आप्पांनी निकाल दिला, कोको असता तर मुंग्या चढल्या असत्या, सबब खोटी. मगनचं म्हणणं, कडू वस्तूला मुंगी शिवत नाही, सबब खरी. वाद इतका वाढला की ज्याला मधुमेह होता त्याला कोणी विचारलंच नाही. पुष्पाबाईंनी तो कागद मुंग्यांसकट उचलून केराच्या टोपलीत टाकला. "पस्तीस वर्षं पाणी सोडलं यांनी," त्या म्हणाल्या, "आता मुंग्या सोडतायत."

नानांनी ते मनाला लावून घेतलं आणि ज्याला हे दुःख कळेल अशा एकाच माणसाला फोन लावला.

"नाना!" तिकडून जीवरामभाऊ ओरडले. "मी बी पाह्यलं! मह्या कॅप्सूलले मुंग्याच मुंग्या लागल्या!"

त्यांनी ती पावडर ज्या पाटावर ठेवली होती, त्यावर सकाळी गुळाची ढेप फोडली होती, हे त्या वेळी दोघांच्याही लक्षात आलं नाही. नानांच्या मनात एवढंच आलं, की जीवरामची खरी आहे आणि आपली खोटी. त्या दिवसापासून त्यांना कॅप्सूल घेतल्यावर काहीच वाटेना. जीवरामभाऊंना मात्र डोकं हलकं वाटू लागलं, पाय मोकळे वाटू लागले आणि एकदा तर दूरची पाटीही वाचता आली.

हे बोलणं घरात होण्यासारखं नव्हतं. पुष्पाबाई ऐकत. म्हणून जेवण झालं की नाना साडेसातला फोन घेऊन बाहेर पडत आणि कॉलनीच्या रस्त्याने पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत, असे फिरत राहत. तिकडे जीवरामभाऊंच्या घरात नेटवर्क नव्हतं, ते केळीच्या बागेच्या बांधावर चालत बोलत. रोज पाऊण तास. आज लघवी किती वेळा झाली, तळपायाची आग कमी आहे का, जिभेवर चव कशी आहे, असे त्यांचे विषय असत. हळूहळू केळीचा भाव, नानांच्या काळातले चोर कालवे आणि जीवरामभाऊंची नात भूमिका शाळेत काय म्हणाली, हेही त्यात यायला लागलं.

एका संध्याकाळी जीवरामभाऊ बोलता बोलता बांध सोडून आत केळीत शिरले. नानांना फोनमधून नुसता पाचोळ्याचा आवाज येत होता.

"नाना, मही माय धुरपदाबाई. तिचा पाय गेला व्हता या साखरेपायी. घोट्यापासून. मी पाह्यलं हाये ते." मग म्हणाले, "तुमची खोटी अन् मही खरी, हे काही बरं नाही दिसत. अर्ध्या तुम्ही घ्या महावाल्या."

नाना टाकीपाशी उभे राहिले. जड विषय निघाला की ते कार्यालयीन भाषेत बोलत. "आमच्या खात्यात याला समन्यायी वाटप म्हणतात, जीवरामभाऊ. वरच्याला भरपूर आणि शेवटच्याला कोरडं, असं चालत नाही."

"तेच म्हनलं मी. फक्त सोप्या भाषेत."

पहिल्या महिन्याची तपासणी झाली, नव्या बाटल्या मिळाल्या आणि दोघं धुळ्याच्या स्टँडवर एका रसवंतीत जाऊन बसले. रस घेता येत नव्हता, म्हणून दोन सोडे घेतले. टेबलावर पेपर पसरला आणि दोन ढीग केले. नाना मोजत होते, जीवरामभाऊ पडताळत होते. एकोणतीस, तीस. तेवढ्यात पेपरवर सावली पडली. हवालदार होता.

"काय चाललंय?"

"कॅप्सूल मोजतोय," नाना म्हणाले.

"कशाच्या?"

"तेच तं माहीत नाही ना साहेब," जीवरामभाऊंनी प्रामाणिकपणे सांगितलं.

"यातल्या निम्म्या खोट्या आहेत," नानांनी खुलासा केला. खुलासा करणं ही त्यांची जुनी सवय. "पण कोणत्या, ते पाकिटात बंद आहे. मुंबईला."

दोघांना स्टँडवरच्या चौकीत नेण्यात आलं. लोक बघत होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, असा रुपचंद भिका पाटील आयुष्यात प्रथमच टेबलाच्या त्या बाजूला बसला. त्यांनी पिशवीतून चौदा पानी संमतिपत्रक काढून दिलं. हवालदार वाचू लागला. पान तीन, पान चार. पान सातपाशी तो थांबला आणि त्याचा आवाज बदलला.

"काका, हे आईला चालेल का? तिची फास्टिंग दोनशेवर असते."

अर्धा तास दोघांनी त्याच्या आईच्या जेवणाचं वेळापत्रक करून दिलं. सुटका झाली. एसटीची वाट पाहताना नानांना भयंकर भूक लागली आणि अपमान गिळायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी एक प्लेट जिलबी खाल्ली. ती दिसू नये म्हणून जीवरामभाऊ पाठ फिरवून उभे राहिले.

आता सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. रोज एक आपली, एक त्यांची. नानांना जीवरामभाऊंच्या कॅप्सूलने लगेच फरक जाणवला. कानशिलाशी ऊब वाटायची, जिना चढताना दम कमी लागायचा. पण डायरीत एक रकाना होता. 'आज दोन्ही कॅप्सूल आपल्याच बाटलीतून घेतल्या का? होय / नाही.'

नाना बायकोशी खोटं बोलले असतील. शेजाऱ्यांशी तर बोलावंच लागतं. पण कागदावर खोटी नोंद त्यांनी कधी केली नव्हती. एकदा एका साहेबाने कोरड्या पाटचारीत पाणी दाखवायला सांगितलं, तेव्हा नानांनी बदली पत्करली होती, थेट शिरपूरच्या पुढे. आता त्या रकान्यासमोर ते दहा मिनिटं पेन धरून बसले आणि शेवटी दोन्ही शब्दांवर रेघ मारून स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'अंशतः होय.'

पुढचे सत्तावीस दिवस त्यांनी तेच लिहिलं.

दरम्यान कॉलनीत वेगळंच शिजत होतं. समोरच्या कमलबाईंनी पुष्पाबाईंना गाठून हळूच सांगितलं, की नाना रोज टाकीपाशी फोनवर बोलतात आणि हसतात. या वयात पुरुष फोनवर हसत असेल, तर लक्ष द्यावं. पुष्पाबाईंनी हसण्यावारी नेलं, पण घरी येऊन सरळ डायरी उघडली. नाना फिरून आले, तर त्या बैठकीत डायरी मांडीवर घेऊन बसलेल्या. रागावल्या की त्यांची माहेरची अहिराणी वर यायची.

"हाई काय शे?" त्यांनी बोट ठेवलं. "'धुळे स्टँड, जिलबी एक प्लेट. सौ. पुष्पाबाईंना कळविलेले नाही.'"

"नोंद खरी पाहिजे," नाना क्षीणपणे म्हणाले.

"आणि हे, तुमच्या भाचीच्या, मेघाकडच्या बारशाला श्रीखंड, दोन वेळा? मला म्हणाले होते नुसतं चाटलं! माले बठ्ठं समजस, सगळं!" त्यांनी पानं उलटली. "आणि रोज साडेसातला हा जीवराम कोण?"

नानांनी सगळं सांगितलं. मुंग्या, फोन, धुरपदाबाईंचा पाय, वाटप, चौकी. चौकीपाशी पुष्पाबाईंनी पदर तोंडाला लावला. नानांना वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या.

"उद्यापासून मीपण येते चालायला," त्या म्हणाल्या. "फोन स्पीकरवर टाका. आणि जिलबी खायची झाली तर मला सांगून खा, मग डायरीत लिहायला लाज वाटणार नाही."

दुसऱ्या महिन्याच्या तपासणीला कामिनी मॅडमनी डायरी चाळली आणि त्यांचा हात थांबला. "काका, हे 'अंशतः होय' म्हणजे काय?"

नानांनी सांगितलं. जीवरामभाऊ खाली मान घालून आपल्या टोपीची घडी करत होते, उलगडत होते.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. डायरी बंद करून खिडकीबाहेर बघत बसल्या. "साठ माणसं मिळवायला मला तीन वर्षं लागली," त्या म्हणाल्या. "यातली दोन गेली तर निकालच लागत नाही. तुम्हाला माहीत आहे, काका, किती जण डायरी एकदम शेवटच्या दिवशी बसून भरतात? तुमची रोजची आहे, वेगवेगळ्या पेनाची. सगळ्या साठांत चांगली. आणि तुम्हीच..."

नानांना पस्तीस वर्षांत मेमो मिळाला नव्हता. तो त्यांना त्या खोलीत मिळाला, तोंडी. एका केळीवाल्याची आणि आपली शुगर सांभाळायला गेलो आणि या पोरीची तीन वर्षं पाण्यात घातली, एवढंच त्यांना दिसत होतं.

"याला काही कार्यपद्धती असेल ना?" त्यांनी विचारलं. "नियमभंग झाला तर?"

"असते. समितीला विचलन अहवाल द्यावा लागतो. तीन प्रतींत. मला तर तो कसा लिहायचा हेही धड माहीत नाही."

"कोरे कागद द्या," नाना म्हणाले.

त्यांनी तिथेच बाह्या सरसावल्या. विषय, संदर्भ, घटनाक्रम. किती कॅप्सूल, कोणत्या तारखेला, कोणाच्या बाटलीतून कोणाकडे. मुंग्यांची चाचणी परिशिष्ट एक, गुळाच्या पाटाचा खुलासा परिशिष्ट दोन. मुंग्यांचं लिहितानाच जीवरामभाऊंना गुळाची ढेप आठवली आणि त्यांनी कपाळावर हात मारला. शेवटी 'सदर कृत्यास सहभागी स्वतः जबाबदार असून संशोधक यांना याची कल्पना नव्हती' असं लिहून दोघांनी सह्या केल्या. आठ पानं झाली. मॅडमनी ती वाचली आणि पहिल्यांदा थोडं हसल्या.

अहवाल मुंबईच्या गणितज्ञांकडे गेला. तिसऱ्या महिन्यात, शेवटच्या तपासणीला, त्यांचं उत्तर आलेलं होतं. मॅडमनी ते वाचून दाखवलं. "दोन्ही सहभागींची माहिती अभ्यासात कायम ठेवावी. सदर प्रकरणी गट बदलण्याचा प्रश्न उद्भवत नाही." त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "बरं झालं बाई. फार उदार दिसतायत ते."

नानांनीही मान डोलावली. पण स्टँडकडे जाताना मध्येच थांबले.

"जीवरामभाऊ, 'प्रश्न उद्भवत नाही' हे वाक्य मी हजार वेळा लिहिलंय. माफ केलं असेल तर 'प्रश्न सोडून देण्यात येत आहे' असं लिहितात. उद्भवतच नाही म्हणजे मुळात तसं काही घडलंच नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे आपल्या दोघांच्या बाटलीत एकच माल होता."

जीवरामभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मंग तुमच्या कानशिलाची ऊब?"

"तुम्हाला दूरची पाटी दिसली होती ना, तशीच ती."

माल दोघांचाही एकच, पण खरा की खोटा, ते अजून पाकिटातच होतं. आणि हे कळल्याचं मॅडमना सांगणं म्हणजे अजून बाकी असलेल्या लोकांच्या तपासण्या बिघडवणं. नानांनी तोंड बंद ठेवायचं ठरवलं. सुकदेव आप्पा रोज विचारत, मगन पाळत ठेवून असे. आयुष्यात एवढी कठीण गुप्तता त्यांनी पाळली नव्हती. रिपोर्टात नानांची शुगर सात-सात आली होती आणि जीवरामभाऊंची सात-पाच. फॅमिली डॉक्टरांनी इन्सुलिनचा विषय काढला नाही. श्रेय घ्यायला मात्र सगळी कॉलनी आली. आप्पा म्हणाले मेथी, मगन म्हणाला कोको, आणि कमलबाईंना वाटत होतं की माणसाला वेळीच पकडलं की शुगर आपोआप उतरते.

आठ महिन्यांनी कामिनी मॅडमची तोंडी परीक्षा झाली. त्यांनी दोघांना मुद्दाम बोलावलं. पुष्पाबाई नवं पातळ नेसून आल्या, जीवरामभाऊंनी केळीचा घड आणला आणि त्याची कॉलेजच्या शिपायाने नोंद करून घ्यावी की नाही यावर थोडा वेळ गेला. सभागृहात पडद्यावर तक्ते लागले. कोको घेणाऱ्यांच्या रक्तवाहिन्यांमध्ये थोडी सुधारणा दिसली होती. शुगरमध्ये मात्र दोन्ही गटांतला फरक इतका लहान होता, की त्यावर काही म्हणायला आणखी मोठा अभ्यास लागेल, असं मॅडमनी स्वच्छ सांगितलं. मग पाकीट फुटल्यानंतरची यादी आली. क्रमांक एकतीस आणि बत्तीस म्हणजे हे दोघं, आणि दोन्हींपुढे लिहिलं होतं, 'रिकामी'.

"तीन महिने मक्याचं पीठ खाल्लं आपन," जीवरामभाऊ कुजबुजले. "मह्या वावरात पोतंभर पडेल हाये ते."

पुण्याहून आलेले परीक्षक चष्म्यावरून बघत होते. "हा विचलन अहवाल कोणी लिहिला? इतका नीट अहवाल मी वीस वर्षांत पाहिला नाही."

नाना उभे राहिले. शर्टाची बटणं तपासली. "मी, सर."

"तुम्ही शिकलेसवरलेले दिसता. नियम तुम्हाला कळत होता. मग वाटप का केलं?"

नानांना उत्तराचा मसुदा करायला वेळ हवा होता, तो मिळाला नाही.

"सर, बरं तर आम्हाला दोघांनाही व्हायचं होतं," ते म्हणाले. "या जीवरामभाऊंच्या आईचा पाय गेलाय. एकाने औषध खायचं आणि दुसऱ्याने ते बसून बघायचं, हे काही जमेना. मॅडमचं नुकसान होईल हे तेव्हा सुचलं नाही. ते आधी सुचायला हवं होतं."

ते खाली बसले. पुष्पाबाईंनी त्यांच्याकडे न बघता पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली.

मॅडमना पीएचडी मिळाली. पेढे वाटले, नानांनी हातात घेतला आणि पुष्पाबाईंकडे दिला. बाहेर व्हरांड्यात परीक्षक एकटेच आले, आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पाटील, मलाही आहे. नऊ वर्षं झाली. तुमच्या कॅप्सूल तर रिकाम्या होत्या. मग आकडा खाली आणला कशाने?"

नानांना वर्षभर सगळ्यांनी सल्ले दिले होते, पहिल्यांदाच कोणी त्यांना मागत होतं, आणि तेही पुण्याचं. मेथी, कारलं, जांभूळ, भेंडी, सगळं ओळीने जिभेशी येऊन उभं राहिलं. त्यांनी ते परत पाठवलं.

"जेवण झालं की चालायला जात जा सर," ते म्हणाले. "फक्त एकटे जाऊ नका."

परीक्षकांनी कोटाच्या खिशातून वही काढली, पण काही लिहिलं नाही. "बायको जाऊन तीन वर्षं झाली," ते म्हणाले. "मुलगा बाहेर असतो. चालायला म्हटलं तर सोबत कोणी नाही."

मग जीवरामभाऊंनी त्यांच्या हातातली वही घेतली आणि पेन मागून त्यात मोठ्या, वाकड्या आकड्यांत आपला नंबर लिहिला.

"साडेसातले मी बांधावर असतो," ते म्हणाले. "लावा फोन."